बर्फ करडा का येतो, लाट किती वेळ टिपावी: निसर्गचित्रणाबद्दल वाचकांचे प्रश्न

डोंगर, वाळवंट आणि समुद्रकिनारा या तीन ठिकाणी फोटो काढताना येणाऱ्या अडचणींची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. आकडे फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, धरून दिले आहेत.

प्रश्न: बर्फाच्या डोंगरांचे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठीक वाटतात. कॉम्प्युटरवर पाहिले की बर्फ करडा आणि सावलीतला बर्फ निळा दिसतो. कॅमेऱ्यात बिघाड आहे का?

बिघाड नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे काही असेल ते सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो आणि तेवढाच प्रकाश घेतो. बर्फ त्याहून कितीतरी उजळ असतो, म्हणून मीटर त्याला ओढून करड्यावर आणतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्यापेक्षा प्रकाश कमी-जास्त घेण्याची सोय. तिचे आकडे स्टॉपमध्ये असतात: एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट. उन्हातल्या बर्फाने जवळपास पूर्ण चौकट भरली असेल तर +१⅔ पासून सुरुवात करा. निम्म्या चौकटीत काळे खडक किंवा झाडं असतील तर +⅔ ते +१ पुरतं. आभाळ ढगाळ असताना बर्फ आणि आकाश यांची उजळता जवळजवळ सारखी असते, तेव्हा +१⅓ च्या आसपास.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास बसवलेल्या झोन सिस्टिममध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मध्यम करडा पाचव्या झोनमध्ये येतो आणि पोत दिसणारा उजळ बर्फ साधारण सातव्यात. म्हणजे मीटरने सांगितलं त्याहून दोन स्टॉप वर. स्पॉट मीटर (चौकटीतला छोटासा भागच मोजणारा) असेल तर पोत हवा असलेल्या बर्फावर तो रोखून +२ ठेवा. अंदाजाने चाचपडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पडद्यावर मात्र भरवसा ठेवू नका. भर उन्हात तो अंधारा वाटतो आणि संध्याकाळी वाजवीपेक्षा उजळ, त्यामुळे दोन्ही वेळा फसगत होते. हिस्टोग्राम पाहा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख. बर्फाचा उंचवटा उजव्या बाजूला हवा, पण भिंतीला टेकलेला नको. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दिसण्याची सोय असेल तर तीच चालू ठेवा. एकत्रित आलेख ठीक दिसत असताना एखादा रंग मात्र आधीच उतू गेलेला असतो. आणखी एक गोष्ट: रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) काढत असलात तरी कॅमेरा हिस्टोग्राम जेपेगवरून, म्हणजे प्रक्रिया केलेल्या तयार चित्रावरून बनवतो. त्यामुळे अगदी काठावर थोडी सवलत शिल्लक असते. तिच्यावर विसंबून राहू नका, पण टोकाशी किंचित काही लुकलुकलं म्हणून घाबरूही नका.

निळेपणा मात्र खराच आहे. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा प्रकाश पडत नाही, वरच्या निळ्या आकाशाचा पडतो. आपला मेंदू तो निळा रंग वजा करतो, कॅमेरा करत नाही. व्हाइट बॅलन्स (कोणत्या प्रकाशात पांढरा पांढरा दिसावा ते ठरवणारी सेटिंग) ‘डेलाइट’वर ठेवून रॉ काढा आणि नंतर निळा थोडासाच उतरवा. सावली पूर्ण पांढरी करायला गेलात तर उन्हातला बर्फ पिवळट पडेल. आमच्या मते सावलीत निळ्याची छटा राहिलेलीच चांगली, कारण थंडी त्या छटेतूनच कळते.

प्रश्न: समोर प्रचंड दिसणारा डोंगर वाइड लेन्सने काढला की टेकडीएवढा होतो. शिवाय दूरच्या रांगा धुरकट येतात. यूव्ही फिल्टर लावला तरी फरक नाही.

१६ किंवा २० मिमीची लेन्स जवळच्या दगडाला मोठं करते आणि दूरच्या शिखराला मागे ढकलते. डोंगर हाच विषय असेल तर लेन्स बदला. ७० ते २०० मिमीच्या टप्प्यात शिखर आणि त्याच्या पुढची धार यांतलं अंतर दबल्यासारखं दिसतं आणि उंची जाणवते. वाइड लेन्स वापरायचीच असेल तर पायाशी खरोखर पाहण्यासारखं काहीतरी हवं, आणि तेही अर्ध्या-एक मीटरवर. रिकामं गवत पुढे ठेवून मागे शिखर, ही रचना क्वचितच जमते.

यूव्ही फिल्टरचा उपयोग फिल्मच्या काळात होता. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील किरण अडवणारा थर आधीच असतो. धुरकटपणा कमी करायला पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारा, फिरवता येणारा फिल्टर) थोडी मदत करतो, तोही सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला असेल तेव्हाच. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात प्रकाशाचं ध्रुवीकरण सर्वांत जास्त असतं. सूर्य समोर किंवा पाठीमागे असताना फिल्टर कितीही फिरवला तरी फारसं काही होत नाही. त्यापायी एक ते दोन स्टॉप प्रकाश मात्र जातो. २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर आणखी एक दोष दिसतो: आकाशाचा एकच पट्टा गडद निळा आणि दोन्ही बाजू फिकट. हा पट्टा नंतर घालवणं फार कटकटीचं आहे. उंचावरचं आकाश मुळातच गडद असतं, तिथे पोलरायझर पूर्ण फिरवला तर ते काळपट होतं. निम्म्यावर थांबा.

पण धुरकटपणाशी नेहमी भांडायलाच हवं असं नाही. सूर्य समोरून तिरपा येत असताना एकामागे एक उभ्या असलेल्या रांगा प्रत्येक पायरीला फिक्या होत जातात, आणि हीच छटांची उतरंड लांब लेन्समध्ये चित्र होते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली डिहेझची (धुरकटपणा काढणारी) पट्टी जोरात ओढली की नेमकी ती उतरंड मोडते.

प्रश्न: अ‍ॅपमध्ये सूर्यास्त ६.४० दाखवतं, पण दरीत सहा वाजायच्या आतच ऊन जातं. चूक कुठे?

अ‍ॅपमधली वेळ सपाट क्षितिजाची असते. हात सरळ पुढे धरला तर बंद मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. समोरची धार क्षितिजापासून एक मूठ वर असेल, तर सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो अशा विषुववृत्ताजवळच्या भागातही ऊन सुमारे ४० मिनिटं आधी जाईल, कारण आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो. जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला जाल तसतसा तो तिरपा उतरतो आणि हा वेळ वाढतो. म्हणून दुपारीच जागेवर जाऊन मूठ धरून मोजा.

ऊन गेलं म्हणून निघू मात्र नका. दरीत सावली असताना माथ्यावर ऊन असतं, आणि सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही काही मिनिटं पूर्वेच्या बाजूच्या बर्फावर किंवा कातळावर गुलाबी झाक येते. त्यासाठी पाठ सूर्यास्ताकडे हवी.

प्रश्न: पायाजवळचं फूल आणि मागचं शिखर, दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून एफ/२२ वापरतो. तरी सगळंच मऊ दिसतं.

एफ/२२ मुळेच मऊ दिसतं. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. छिद्र लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ ला या ठिपक्याचा व्यास ११ मायक्रॉनच्या आसपास असतो, एफ/२२ ला जवळपास ३०. चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. म्हणजे एक ठिपका पाच पिक्सेलांवर पसरतो. १९३२ साली एडवर्ड वेस्टन, अ‍ॅडम्स आणि त्यांच्या साथीदारांनी आपल्या गटाचं नाव ‘एफ/६४’ ठेवलं, हे खरं. पण ती मंडळी मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर काम करत होती आणि त्या निगेटिव्हवरचं चित्र छपाईसाठी फारसं मोठं करावं लागत नव्हतं. लहान सेन्सरवरचा ठिपका छापताना कितीतरी पट वाढतो.

एफ/८ ते एफ/११ वर राहा आणि फोकस योग्य जागी ठेवा. २४ मिमी लेन्सवर एफ/११ ला फोकस साधारण १.८ मीटरवर ठेवला तर ०.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. १६ मिमीला हेच अंतर ०.८ मीटर आणि सुरुवात ०.४ मीटरपासून. ३५ मिमीला ३.८ आणि १.९. पाठ करण्याची गरज नाही: चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू जितक्या अंतरावर आहे, त्याच्या दुप्पट अंतरावरच्या एखाद्या गोष्टीवर फोकस करा. अंतर कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून मोजायचं, लेन्सच्या टोकापासून नाही. जवळच्या फुलाला हा फरक लागतो.

‘चालण्याजोगं’ हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. ही गणितं छोट्या छापील आकाराच्या हिशोबाने केलेली आहेत. मोठी छपाई करायची असेल किंवा सेन्सर चाळीस-पन्नास मेगापिक्सेलचा असेल, तर दूरचं शिखर किंचित कच्चं वाटेल. तेव्हा ट्रायपॉड न हलवता एफ/८ ला तीन फ्रेम घ्या: एक फुलावर, एक मधल्या जमिनीवर, एक शिखरावर. नंतर त्या एकत्र करा. वारा असेल तर मात्र फूल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी जाईल आणि जोडताना दुहेरी कड दिसेल. अशा वेळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० करून फुलाची फ्रेम १/२५० सेकंदापेक्षा वेगवान शटरने घ्या आणि झुळूक थांबण्याची वाट पाहा.

प्रश्न: वाळवंटात वाळूवरच्या लहरी डोळ्यांना दिसतात, फोटोत सपाट येतात.

लहरींची उंची काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. सूर्य डोक्यावर असेल तर त्यांना सावलीच पडत नाही. सूर्य क्षितिजापासून साधारण एक-दीड मुठीच्या खाली हवा, आणि बाजूने. शिवाय दिशा महत्त्वाची: लहरींच्या कडा वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात, आणि ऊन त्या कडांना काटकोनात आलं तरच प्रत्येक खाचेत सावली भरते. ऊन कडांना समांतर असेल तर सकाळी सहालाही लहरी सपाटच दिसतील. अशा वेळी शंभर पावलं चालून टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जा. तिथे वाऱ्याची दिशा बदललेली असते आणि लहरीही वळलेल्या असतात.

टेकडीचा आकार समजून घेतलात तर रचना पटकन सुचते. वाऱ्याकडचा उतार सौम्य आणि घट्ट असतो. आडोशाचा उतार ३२ ते ३४ अंशांचा असतो. त्याहून उभी कोरडी वाळू थांबतच नाही, घसरते. हे दोन उतार मिळतात तिथे धारदार कंगोरा तयार होतो, आणि तिरप्या उन्हात त्याची एक बाजू उजळ, दुसरी गडद दिसते. वाळवंटातलं निम्मं चित्र या एका रेघेवर उभं असतं. म्हणून कंगोऱ्यावर पाय ठेवू नका. आधी पूर्ण रचना ठरवा, लेन्स लावा, मग चौकटीबाहेरून वळसा घेऊन जागेवर या. एकदा उमटलेली पावलं वारा सुटेपर्यंत मिटत नाहीत, आणि तुमच्या मागून येणाऱ्यालाही ती नको असतात.

लाल किंवा नारिंगी वाळूवर लाल चॅनेल आधी भरतो. तीन रंगांचा हिस्टोग्राम पाहून गरज असेल तर ⅓ ते ⅔ स्टॉप कमी करा. आणि लांब लेन्सने दूरची टेकडी काढायची असेल तर सूर्योदयाच्या आसपासच काढा. वाळू तापली की हवा थरथरते आणि कडा वितळल्यासारख्या येतात. ट्रायपॉड, वेगवान शटर, महाग लेन्स, कशानेही ते सुधारत नाही.

प्रश्न: वाळूपासून कॅमेरा कसा सांभाळावा?

लेन्स बदलू नका, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद ठेवून, तोंड खाली धरून. झूम करताना लांब होणाऱ्या लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढतात आणि हवेबरोबर धूळही. वारा असताना सतत झूम करू नका. फिल्टरवर वाळू बसली तर आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा, मग ब्रश, आणि शेवटी कापड. थेट कापड फिरवलं तर कणांनी काच घासली जाते. दाबाच्या डब्यातली हवा सेन्सरवर मारू नका, तिच्यातला द्रव बाहेर पडून डाग बसतो. सेन्सरवर धूळ आहे का हे पाहायला एफ/२२ ला निरभ्र आकाशाचा फोकस बिघडवलेला फोटो काढा, ठिपके दिसतील.

प्रश्न: समुद्राच्या लाटांसाठी शटर स्पीड किती ठेवावा? कुणी १० सेकंद सांगतं, कुणी १/१०००.

दोन्ही बरोबर, काय दाखवायचं त्यावर. खडकावर आपटून उडणारे थेंब हवेत थांबवायचे तर १/१००० किंवा त्याहून वेगवान. खडकांमधून परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद. पाण्याचा पोत पूर्ण पुसून धुक्यासारखा थर हवा असेल तर ३० सेकंदांच्या पुढे. ४ ते १० सेकंदांचा मधला टप्पा आम्हाला सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो. त्यात लाटेचा आकारही राहत नाही आणि पाणी पूर्ण शांतही होत नाही, फक्त मळकट दिसतं.

अर्ध्या सेकंदाचं चित्र बहुतेकांना हवं असतं, म्हणून ते जरा जवळून पाहू. लाट येताना नव्हे, ती फुटून खडकावर चढून परत फिरते त्या क्षणी शटर दाबा. फेस परतीच्या वाटेला लागला की त्याच्या रेघा तुमच्या पायाकडून समुद्राकडे ओढल्या जातात आणि नजर आत नेतात. येणाऱ्या लाटेवर दाबलं तर चौकटीच्या तळाशी नुसता पांढरा गोळा येतो. पाणी जवळ असेल तर १/४ सेकंदही पुरतो, दूर असेल तर १ सेकंद लागतो, कारण चौकटीत ते तेवढ्याच वेळात कमी सरकतं. रचना न बदलता वीस-पंचवीस फ्रेम घ्या. प्रत्येक लाट वेगळी वागते आणि त्यातल्या दोन-तीनच जमतात.

प्रकाशाचं गणित असं: सूर्य क्षितिजाजवळ असताना आयएसओ १००, एफ/११ ला शटर १/३० च्या आसपास येतो असं धरा. ३ स्टॉपचा एनडी (रंग न बदलता प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) लावला की तो पाव सेकंद होतो, ६ स्टॉपचा लावला की २ सेकंद, १० स्टॉपचा लावला की सुमारे ३४ सेकंद. प्रत्येक स्टॉपला वेळ दुप्पट, एवढंच. सूर्य बुडाल्यानंतर पाव-अर्धा सेकंद फिल्टरशिवायही मिळतो. एकच फिल्टर घ्यायचा असेल तर ६ स्टॉपचा घ्या. १० स्टॉपचा आकर्षक वाटतो, पण त्याने सगळे समुद्र एकसारखे दिसू लागतात.

गडद फिल्टरचे नेहमीचे घोटाळे तीन. पहिला: फिल्टर लावल्यावर ऑटोफोकसला काही दिसत नाही. आधी रचना आणि फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मगच फिल्टर चढवा. स्क्रूचा फिल्टर फिरवताना फोकस रिंग हलत नाही ना, ते पाहा. दुसरा: डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमधून मागून प्रकाश शिरतो आणि फोटोत जांभळट पट्टा येतो. तिथे झाकण लावा. मिररलेसमध्ये हा प्रश्न नाही. तिसरा: कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले रंगीत ठिपके काढण्याची सोय) चालू असेल तर ६० सेकंदांच्या फोटोनंतर आणखी ६० सेकंद कॅमेरा अडकून बसतो, आणि सूर्यास्ताचा प्रकाश तोवर गेलेला असतो. थंड हवेत ती बंद ठेवली तरी चालते.

प्रश्न: आकाश जळतं, जमीन काळी येते. ग्रॅज्युएटेड फिल्टर घ्यावा की ब्रॅकेटिंग करावं?

डोंगरात ब्रॅकेटिंग करा, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त प्रकाशात टिपून नंतर जोडा. −२, ०, +२ अशा तीन फ्रेम ट्रायपॉडवर घेतल्या की बहुतेक प्रसंग भागतात, आणि फिल्टरच्या सरळ रेषेमुळे शिखराचा माथा काळवंडत नाही. समुद्रावर मात्र तिन्ही फ्रेममध्ये लाट वेगळी असते आणि जोडताना गोंधळ होतो. तिथे क्षितिज सरळ असल्यामुळे ३ स्टॉपचा हार्ड ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा गडद, खालचा अर्धा पारदर्शक, मध्ये ठळक रेषा) फार छान बसतो. डोंगरातही फिल्टरच हवा असेल तर सॉफ्ट, म्हणजे गडदपणा हळूहळू विरत जाणारा घ्या.

प्रश्न: किनाऱ्यावर ट्रायपॉड लावला की लांब एक्स्पोजरचे फोटो हलतात. खाऱ्या पाण्याने पायांचे लॉकही घट्ट झाले आहेत.

ओल्या वाळूत ट्रायपॉड बसतो तो एकदाच नाही, प्रत्येक लाटेगणिक. परतणारं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं आणि पाय काही मिलिमीटर खचतो. आधी प्रत्येक पाय दाबून खोलवर रोवा, एक-दोन लाटा जाऊ द्या, परत दाबा, क्षितिज पुन्हा सरळ करा, मगच शटर. शक्य असेल तिथे खडकावर लावा. मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यात खाली पिशवी लटकवायची असेल तर ती जमिनीला टेकलेली हवी. झुलणारी पिशवी ट्रायपॉडलाही झुलवते. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा, आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा.

पाण्यात उभं करताना सर्वांत खालचा जोड पूर्ण बाहेर काढलेला ठेवा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. परत आल्यावर त्याच दिवशी पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. लॉक घट्ट झाले असतील तर ते खोला, कोमट पाण्यात मीठ विरघळू द्या, वाळू धुऊन काढा, सुकवा आणि आट्यांना ग्रीसचा पातळ थर द्या. जोर लावून फिरवलंत तर आतल्या वाळूने आटे झिजतात. फिल्टरवर उडालेले खारे थेंब कोरडे पुसू नका. सुकलेलं मीठ खडे होऊन काच ओरखडतं. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग कोरडं. अशी तीन-चार कापडं खिशात हवीत, कारण एक कापड दहा मिनिटांत खारट होतं.

आणि कॅमेरा काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फक्त लाटा पाहा. मोठ्या लाटा गटाने येतात. पहिली दोन मिनिटं शांत दिसलेला खडक पुढच्या गटात पूर्ण बुडू शकतो. खडकावर ओल कुठवर पोचली आहे ती रेघ शोधा आणि तिच्या वर उभे राहा. हिरवं किंवा काळं शेवाळ दिसलं तर तिथे पाय नको. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी पाहा: ती वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरतीच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मी उंची चढते. ज्या खडकावर ओहोटीला चालत गेलात, त्याची परतीची वाट याच दोन तासांत बंद होते.

प्रश्न: थंडीत बॅटरी अर्ध्या वेळात संपते.

ती संपत नाही, गारठते. थंडीत लिथियम-आयन पेशींचा अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याला बॅटरी रिकामी वाटते. जादा बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. ‘संपलेली’ बॅटरीही ऊब मिळाल्यावर आणखी काही फोटो देते. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, त्याला तास-दोन तास लागू शकतात. नाहीतर दमट हवा गार काचेवर आणि लेन्सच्या आत पाणी धरते. मेमरी कार्ड आधीच बाहेर काढून ठेवलंत तर त्या वेळात फोटो पाहता येतील.